न नेलेली गुणपत्रकं

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालय आहे, तिथे मी वरिष्ठ लिपिक आहे. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, बोनाफाईड, टीसी, सगळं माझ्याच खिडकीवर. बारावीचा निकाल लागला की पोरं बापाला घेऊन याच खिडकीशी उभी राहतात आणि तीन वर्षांनी गुणपत्रक न्यायला याच खिडकीशी येतात. त्यामुळे कोण आलं आणि कोण गेलं हे मला माहीत असतं, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. एप्रिल 2025 मधल्या एका मंगळवारी ती मोडली.

मूल्यांकनाची तयारी चालू होती. नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था, तिच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल विचारतात, म्हणजे किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले. ही माहिती आम्ही दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांपुरती गोळा करतो. या वेळी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, या खेपेला उलट्या बाजूनं करू. 2019 ला बीए फर्स्ट इयरला जी पोरं आली तिथून सुरू करा. एकेका नावापुढं लिहा, पदवी मिळाली का, आणि आज ते पोरगं कुठं आहे. मला आकडे नकोत, नावं पाहिजेत."

आकडे मी पुष्कळ दिलेत. आयशेचा फॉर्म, म्हणजे केंद्राच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा, 2010-11 पासून सुरू झाला आणि आमच्याकडे तो पहिल्यापासून माझ्याच टेबलावर येतो. कोणत्या वर्गात मुलं किती, मुली किती, त्यांत एससी किती, एसटी किती, ओबीसी किती, दिव्यांग किती, अल्पसंख्याक किती. शेवटच्या परीक्षेला बसले किती, पास किती. राज्यभरातल्या अशा फॉर्मांची बेरीज होते आणि तिच्यातून जीईआर, म्हणजे उच्च शिक्षणातल्या एकूण नोंदणीचं शेकडा प्रमाण, निघतो. 18 ते 23 वयाची लोकसंख्या खाली, कॉलेजात नाव असलेले सगळे वर. 2019-20 ला महाराष्ट्राचा जीईआर 32.3 होता, 2021-22 ला 35.3 झाला. त्या वर्षी देशाचा 28.4 होता आणि आपल्या राज्यात 45.78 लाख विद्यार्थी होते, फक्त उत्तर प्रदेश आपल्या पुढे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 2035 पर्यंत देशाचा आकडा 50 वर न्यायचं ठरलंय. हे सगळं मला पाठ आहे, कारण प्रत्येक बैठकीत पडद्यावर ते येतं. मला त्याचा अभिमानही आहे. माझ्या वडिलांच्या वेळी आमच्या गावात बीए झालेला माणूस नव्हता, पत्र वाचून घ्यायचं तर शाळामास्तरांकडे जावं लागायचं.

एक गोष्ट मात्र इथल्या माणसालाच कळते. या सर्वेक्षणाची संदर्भ तारीख मुळात 30 सप्टेंबर ठरलेली. आमच्या भागात ती तारीख दसऱ्याच्या अलीकडची. ऊसतोडीला जाण्यासाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, पण टोळ्या निघालेल्या नसतात. गावं भरलेली, वर्ग भरलेले. मग दसरा-दिवाळीच्या बेतानं ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. त्यांत संसार चढतो, कोंबड्या चढतात, म्हातारी चढते आणि आमचे काही विद्यार्थीही चढतात. शाळेतल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, कॉलेजातल्या पोरांसाठी तशी सोय आमच्याकडे नाही. हजेरीपटावर नाव तसंच राहतं. पाडव्याच्या मागंपुढं टोळी परत येते तेव्हा परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत गेलेली असते, नाहीतर विलंब शुल्कावर आलेली असते.

तर मी जनरल रजिस्टर काढलं. 2019-20, बीए प्रथम वर्ष, 118 नावं. ही कोविडची बॅच. पहिल्या वर्षाची उन्हाळी परीक्षा झालीच नाही, सगळे पुढच्या वर्गात ढकलले गेले. तिसऱ्या वर्षाला, 2021-22 ला, याच बीएच्या वर्गात 74. आजवर मी हे असंच वाचत आलो होतो, की 118 पैकी 74 टिकले. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे एक तरुण सर आहेत, ते एक यादी वाचायचे आणि मी दुसरीवर पेन्सिलीनं खूण करायची. दुपारपर्यंत लक्षात आलं की 74 मधली 9 नावं मूळच्या 118 मध्ये नाहीतच. कुणी दुसऱ्या कॉलेजातून थेट सेकंड इयरला आलेलं, कुणी आधीच्या बॅचचं एटीकेटीवालं, म्हणजे मागचे विषय राहिलेलं. म्हणजे मूळचे टिकले ते 65. बेरजेत आलेला माणूस गेलेल्याची जागा भरून काढतो, आणि गेलेल्याचं नाव विचारायची वेळच येत नाही. पंधरा वर्षं मी ही बेरीज करतोय, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

उरले 53. त्यांतल्या 11 जणांनी टीसी नेलेली, म्हणजे ते दुसरीकडे कुठे तरी शिकायला गेले असं धरता येतं. बाकी 42 जण टीसी न नेता गेले. ज्याला कायमचं जायचं असतं तो टीसी मागतो. ज्याला वाटतं, पुढच्या वर्षी परत येऊ, तो मागत नाही. या 42 जणांच्या बारावीच्या मूळ टीसी अजून आमच्या फाईलींना टाचलेल्या आहेत, टाचण्यांना गंज चढलाय.

त्यांत मुली जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 च्या, बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या. राज्याची सरासरी 21.9. कॉलेजात येणारी पोरगी म्हणजे त्या फेऱ्यातून कशीबशी सुटलेली, एक-दोन वर्षांची सवलत मिळालेली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याची उचलही अर्धी. घरातल्या मुलाचा कोयता पुरा करायचा तर हंगामाच्या आधी लग्न उरकावं लागतं. त्यामुळे आमच्या सेकंड इयरच्या हजेरीपटावर मे-जूनमध्ये कोणत्या नावांवर रेघ पडणार, हे मी प्रवेश देतानाच सांगू शकतो. सांगायची हिंमत मात्र कधी केली नाही.

जे पास झाले त्यांना आम्ही आठवडाभर फोन केले. निम्मे नंबर बंद, काही नंबर दुसऱ्याच माणसाकडे. जे लागले त्यांतले बहुतेक पुण्याकडचे. चाकण, रांजणगाव, हिंजवडीत सिक्युरिटी. दोघे वाळूजला, दोघे पोलिसात, एक सदाशिव पेठेत कॉटवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतोय. हे सगळं अपेक्षितच. माझं मन अडकलं ते गावात राहिलेल्यांपाशी. ते सगळे एकच वाक्य बोलायचे, "घरीच आहे भाऊसाहेब, काही नाही करत."

एकाला मी विचारलं, "घरी म्हणजे दिवसभर काय करतो?"

तो म्हणाला, "चार एकर कोरडवाहू हाय, आठ शेळ्या हायेत. सकाळ-संध्याकाळ डेअरीचं दूध गोळा करतो, फॅट लावतो, हिशेब लिहितो."

"मग काही करत नाही असं का म्हणतो?"

"सगळे तसंच म्हणतेत ना."

आमच्या तक्त्यातही तसंच होतं. नोकरीला पुरावा म्हणून नेमणूकपत्र लावायचं, पुढच्या शिक्षणाला प्रवेशाची पावती. पुण्याला गेलेल्याकडे कागद असतो. गावात राहून शेती सुधारणाऱ्याकडे, डेअरीचा हिशेब ठेवणाऱ्याकडे कुठला कागद असणार? म्हणजे जो जिल्हा सोडून गेला तो प्रगतीत धरला, जो राहिला त्याचा रकाना कोरा. आमच्याकडून शिकलेले रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातात आणि न शिकलेले ट्रकनं कारखान्यावर जातात. दोन्ही बाजूंनी गाव रिकामं होतं. त्यात एखादा पदवी घेऊन मागं राहिला तर राज्यानं त्याला आधी मोजायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मी तक्त्यात "गावात" असा आणखी एक रकाना आखला आणि त्या दूधवाल्या पोराचं नाव पहिलं लिहिलं. प्राचार्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, पण खोडलंही नाही.

आता त्या मंगळवारची गोष्ट. पदवीच्या रकान्यात काही नावांपुढे प्रश्नचिन्ह राहिलं होतं. तिसऱ्या वर्षाला बसले, पण 2022 च्या उन्हाळी निकालपत्रकात पास नाहीत. एकेकाचा छडा लावताना कपाटात खालच्या कप्प्यात हात घातला. तिथे गुणपत्रकांचा एक गठ्ठा होता, नाडी बांधलेला, वरच्या पानावर माझ्याच अक्षरात "न नेलेली". विद्यापीठातून पार्सल आलं की न्यायला येतील त्यांना गुणपत्रकं सही घेऊन देतो, उरलेली कप्प्यात जातात. दरवर्षी थोडी राहतातच. बहुतेक नापासांची असतात, म्हणून त्या कप्प्याकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

वरून पाचवं की सहावं गुणपत्रक एका मुलीचं. बीए, सहावं सत्र. सगळे विषय उत्तीर्ण, प्रथम श्रेणी. खाली तारीख, डिसेंबर 2022. तक्त्यात या नावापुढे मी आदल्या दिवशी पेन्सिलीनं "अपूर्ण" लिहिलं होतं.

जुना पत्रव्यवहार काढला तेव्हा उलगडलं. एका विषयाचे अंतर्गत गुण आमच्याकडून विद्यापीठाला गेलेच नव्हते. ऑनलाइन निकालात तिच्या त्या विषयापुढे गैरहजर असा शेरा पडला आणि निकाल राखीव राहिला. सप्टेंबरमध्ये आम्ही दुरुस्तीचा प्रस्ताव विलंब शुल्क भरून पाठवला होता. जावक क्रमांक होता, प्राचार्यांची सही होती. प्रस्ताव मंजूर झाला, निकाल लागला, डिसेंबरात गुणपत्रक आलं. ते आम्ही उघडलं, वहीत नोंद केली, कप्प्यात ठेवलं. तिला कुणी कळवलं नाही. आवक वहीतली ती ओळ माझ्या हातची आहे.

मी ते गुणपत्रक घेऊन बराच वेळ बसलो. आमचे शिपाई मामा पाणी घेऊन आले, त्यांनी वाकून नाव वाचलं. मामांना तालुक्यातलं प्रत्येक गाव आणि प्रत्येक वस्ती माहीत. म्हणाले, "ही तर वरच्या तांड्याशेजारच्या वस्तीवरली. लगीन झालंय तिचं, इकडंच दिली, घाटाच्या अंगाला. चला, जाऊन येऊ."

रजिस्टरवरचा नंबर बंद होता. तो तिच्या वडिलांचा, तोही तीन सिमकार्डांपूर्वीचा. लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं, गाव बदलतं, नंबर नवऱ्याचा होतो, आणि आमच्या यादीत ती माहेरच्या नावानं तशीच पडून राहते. आत्ताच्या पोरांना बारा आकडी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, आहे, त्याचा पुढे उपयोग होईल. 2019 च्या बॅचकडे ते काही नव्हतं. तिच्याकडे पोचायचा एकच मार्ग होता, मामांची ओळख आणि माझी मोटरसायकल.

दुपारी अडीचला निघालो. उन्हं अशी होती की डांबर चाकाला चिकटत होतं. टोळ्या परतलेल्या होत्या. वस्त्यांवर कोप्यांच्या, म्हणजे तोडीवरच्या झोपड्यांच्या, ताडपत्र्या वाळत घातलेल्या, छपरात खोचलेले कोयते, बैल दावणीला बसलेले. पाण्याच्या टँकरभोवती घागरींची रांग. मामा मागून वाट सांगत होते.

घर पत्र्याचं, पुढं लिंबाचं झाड. झाडाखाली एक बाई वर्षाच्या लेकराला भरवत होती. मला पाहिल्याबरोबर उठून उभी राहिली आणि पदर सावरला. "भाऊसाहेब तुम्ही? काय झालं वो?"

मी तिला ओळखलं नाही. खरं सांगतो, अजिबात ओळखलं नाही. तिनं मात्र मला लांबून ओळखलं होतं.

सासूबाई बाहेर आल्या, नवरा आला. बसायला खाट टाकली, पाणी दिलं. मी पिशवीतून प्लास्टिकच्या फोल्डरमधलं गुणपत्रक काढून तिच्या हातात दिलं. म्हणालो, "ताई, तुम्ही पास झालात. फर्स्ट क्लास आहे. हे डिसेंबर 2022 लाच आलं होतं, आमच्याकडं पडून राहिलं. चूक आमची आहे."

तिनं लेकरू सासूच्या कडेवर दिलं, दोन्ही हात पदराला पुसले आणि कागद घेतला. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर आडवा जुना वण होता, कोयत्याचा असतो तसा. त्या बोटानं ती एकेका विषयाच्या ओळीवरून खाली येत गेली. एका विषयापाशी थांबली. "ह्याच्यातच गैरहजर दाखवलं होतं," ती म्हणाली. "फाईल तर मी दिलती. मॅडमच्या टेबलावर ठिवलती. मी दोनदा आलते वो कॉलेजला. एकदा रिझल्ट लागल्यावर आणि एकदा दसऱ्याच्या आधी. तुम्हीच म्हणलते, होल्डवर हाय, पुढल्या महिन्यात ये."

मी काय बोलणार? पुढच्या महिन्यात ती सांगली जिल्ह्यात उसाच्या फडात होती.

मग तिनं सगळं सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितलं. मे 2022 मध्ये लग्न झालं, अंगावरची हळद पुरती उतरायच्या आत जूनमध्ये पेपर दिले, सासरहून येऊन-जाऊन करून. लागोपाठ दोन हंगाम तोडीला गेली. पहाटे तीनला उठून भाकरी, मग फडात. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रकात चढवायच्या, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून आलेल्या पैशात मीठ-मिरची. 2023 च्या जूनमध्ये तलाठी भरती निघाली, 4644 जागांची. तेव्हा ती गावीच होती. तिच्या भावानं फॉर्म भरला. तिला कुणी तरी विचारलं, तू का नाही भरत? ती म्हणाली होती, मी नापास आहे.

"नापास नव्हता तुम्ही," मी म्हणालो.

"हे आता कळलं," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी लेकरू झालं, त्या हंगामाला ती गेली नाही. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. ग्रामपंचायतीत तिला सहा महिन्यांसाठी घेतलं. नवरा एकटा अर्धा कोयता होऊन गेला आणि ती लेकराला सासूकडे ठेवून ग्रामपंचायतीत जायला लागली. दाखले टाईप करायची, घरपट्टीच्या पावत्या करायची, बायकांचे योजनांचे अर्ज ऑनलाइन भरायची. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "गावातल्या समद्या बाया हिलाच हुडकत येत्यात. ग्रामसेवक नसला तरी चालतंय, ही पाहिजे." त्या योजनेत बारावी पास असेल तर महिन्याला 6000 आणि पदवीधर असेल तर 10000 विद्यावेतन मिळतं. तिनं बारावीचं गुणपत्रक लावलं होतं. दुसरं तिच्याकडे नव्हतंच.

नवरा तोपर्यंत गप्प होता. तो म्हणाला, "म्हंजे महिन्याला चार हजार. सहा महिन्याचे चोवीस." पुढं काही बोलला नाही. उठून झाडाला बांधलेल्या शेळीपुढं पाला टाकायला गेला. मला वाटलं तो चिडेल, चार शब्द सुनावेल. त्यानं सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे सून आमची बीए झाली म्हणायची?"

मामा म्हणाले, "झाली म्हणजे? कवाचीच झाली! तुम्हालाच ठाऊक नव्हतं."

म्हातारीनं घरात जाऊन साखरेचा डबा आणला. आमच्या हातावर चिमूट चिमूट साखर ठेवली, लेकराच्या जिभेवर ठेवली, शेवटी सुनेच्या तोंडात घातली. त्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणपत्रकावर पडू नये म्हणून तिनं ते हातभर लांब धरलं होतं.

मी तिला विचारलं, पुढं काय करणार? म्हणाली, प्रशिक्षण संपलं, आता ग्रामपंचायत पैसे देत नाही, पण बाया अजून येतात, तेव्हा घरीच मोबाईलवर करून देते, कधी दहा रुपये घेते कधी घेत नाही. "तसं घरीच असते भाऊसाहेब, काही नाही करत." पुन्हा तेच वाक्य. मी पिशवीतून तक्ता काढला, तिच्या नावापुढचं "अपूर्ण" तिच्यासमोर खोडलं, "उत्तीर्ण, प्रथम श्रेणी" लिहिलं आणि "गावात" या रकान्यात लिहिलं, ग्रामपंचायतीचं आणि शासकीय योजनांचं ऑनलाइन काम. तिनं ते वाचलं. म्हणाली, "असं बी लिहिता येतं?"

परतताना आम्ही दोघंही बोललो नाही. घाट उतरल्यावर मामा एवढंच म्हणाले, "गठ्ठ्यात अजून किती हायेत?"

कॉलेज सुटलं होतं. शिपाईखोलीतून किल्ली आणली, दिवा लावला आणि सगळा गठ्ठा टेबलावर सोडला. या बॅचची आणि तिच्या मागच्या-पुढच्या बॅचची मिळून 31 गुणपत्रकं होती. नापासांची 22. बाकी 9 पास. त्यांत निकाल राखीव राहून नंतर लागलेले तिघे, एटीकेटी हिवाळी परीक्षेत सुटलेले सहा. काहींना ऑनलाइन निकाल पाहून पास झाल्याचं माहीत असेल, नुसता कागद न्यायचा राहिला असेल. पण आता मी ते नुसतं धरून चालणार नव्हतो. राज्याच्या बेरजेत हे नऊ जण कुठे असतील याचाही मी विचार केला. उन्हाळी निकालावर आम्ही फॉर्म भरतो, त्यात पास झालेल्यांत हे नव्हते. पुढच्या वर्षीच्या फॉर्मात ते आमचे विद्यार्थीच नव्हते. म्हणजे नऊ पदवीधर आमच्या हातून कुठेच लिहिले गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सगळं सांगितलं, माझी नोंद दाखवली, लेखी खुलासाही दिला. त्यांनी अंतर्गत गुण पाठवल्याची पोच प्रत्येक विभागप्रमुखानं कार्यालयात द्यायची, असं परिपत्रक त्याच दिवशी काढलं. गुणपत्रक आलं की मुलाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या अशा दोन नंबरांवर कळवायचं, आणि नंबर लागला नाही तर गावच्या ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायचं, हे मी माझ्याकडून सुरू केलं. पोस्टकार्ड आता फारसं कुणी लिहीत नाही, पण वस्तीवर मोबाईलला रेंज नसली तरी पोस्टमन पोचतो. प्रवेशअर्जात मुलींसाठी त्यांच्या मामाचा नंबरही घ्यायला लागलो. पोरीचं लग्न कुठेही होवो, मामाला पत्ता ठाऊक असतो.

मी कार्यालयात आलो तेव्हा शिपाई मामांनी ती नऊ गुणपत्रकं एसटीच्या मार्गाप्रमाणे लावून ठेवली होती. घाटाकडची वेगळी, नदीकाठची वेगळी, एक पुण्याचं.

संध्याकाळी तिचा फोन आला. विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्राचा अर्ज ती स्वतःच मोबाईलवर भरत होती, त्यासाठी मी लिंक पाठवली होती. फोटो, सही, आधार, सगळं चढवून झालं होतं. एकाच ठिकाणी अडली होती.

"भाऊसाहेब, आडनाव कोणतं टाकू? माहेरचं का सासरचं?"

"गुणपत्रकावर जे आहे तेच टाका," मी म्हणालो.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग अक्षर अक्षर मोठ्यानं उच्चारत माहेरचं नाव टाईप करू लागली, आणि मागून सासूबाईंचा आवाज आला, "सावकाश लिही, चुकू नको."